दिवाळीत कोर्ट बंद, वकील गावाला: चेक परत आल्याच्या नोटिशीची मुदत थांबते का?

वारजेकरीण – 13 ऑक्टोबर 2025

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय, कारण दिवस भराभर चाललेत आणि घरात प्रत्येक जण वेगळंच सांगतोय.

आम्ही ऑगस्टअखेर कर्वेनगरचा भाड्याचा फ्लॅट सोडून वारज्याला राहायला आलो. लीव्ह अँड लायसन्स रीतसर रजिस्टर केलेलं होतं, डिपॉझिट 80,000 रुपये. किल्ल्या परत दिल्या त्या दिवशी मालक काकांनी सगळं घर फिरून पाहिलं. गीझर चालू करून बघितला, खिडक्यांच्या जाळ्या तपासल्या, वीजबिल भरल्याची पावती ठेवून घेतली आणि 'घर सुस्थितीत ताब्यात मिळाले' असं स्वतःच्या अक्षरात लिहून सहीही दिली. डिपॉझिटचा चेक मात्र 20 सप्टेंबरची तारीख घालून दिला. तारीख आल्यावर मी तो खात्यात भरला आणि तो परत आला. बँकेचा मेमो 26 सप्टेंबरला माझ्या हातात पडला. शेरा आहे 'फंड्स इनसफिशियंट'.

काकांना फोन केला तर म्हणाले, "अगं, दिवाळी होऊ दे, मग बघू. आम्ही 19 तारखेला मुलीकडे बंगळूरला निघतोय." परत कधी येणार, ते काही सांगत नाहीत. नवीन घराचं डिपॉझिट भरायला मी माझ्या भावाकडून पैसे घेतलेत. त्याचं स्वतःचं होम लोन चालू आहे. तो एका शब्दाने मागणार नाही, पण मला ते डोक्यावर ठेवायचे नाहीत.

ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते चिपळूणला गावी चाललेत, तुळशीचं लग्न उरकूनच येणार, म्हणजे 3 नोव्हेंबर. त्यांच्या ऑफिसातल्या मुलाने सांगितलं की आता कोर्टाला सुट्टी लागेल, कोर्ट उघडलं की बघू. यजमानांचे मित्रही म्हणतात की कोर्ट बंद असतं तेवढे दिवस मुदतीत धरत नाहीत. पण मी वाचलं की चेक परत आल्यावर 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते. 26 सप्टेंबरपासून मोजलं तर 26 ऑक्टोबर येतो. तो रविवार, आणि भाऊबीज त्याच आठवड्यात गुरुवारी.

मग सुट्टीत ही मुदत थांबते का? वकिलांशिवाय नोटीस पाठवता येते का? आणि सासूबाई म्हणतात ऐन सणात कुणाच्या दारात नोटीस पाठवू नये. त्यांचं म्हणणंही मला अगदी टाकून देता येत नाही. कृपया कुणी नीट सांगा.

जुना_कारकून – 13 ऑक्टोबर 2025

ताई, आधी उत्तर देतो, मग कारण सांगतो. नोटीस उद्या-परवाच पाठवा. कोर्टाच्या सुट्टीचा तुमच्या नोटिशीशी काही संबंध नाही.

मी शिवाजीनगर कोर्टात एका दिवाणी वकिलांकडे कारकुनी केली, आता निवृत्त आहे. दसरा झाला की हा प्रश्न घेऊन माणसं यायचीच. 'कोर्ट बंद म्हणजे सगळं बंद' अशा समजुतीने लोकांचे हक्काचे पैसे बुडालेले मी पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोक ऐकतात ते सगळं खोटं नसतं. मुदतीचा कायदा आहे 1963 चा, त्याचं कलम 4 असं सांगतं की दावा, अपील किंवा अर्ज दाखल करायची मुदत कोर्ट बंद असताना संपली, तर कोर्ट ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी तो दाखल करता येतो. ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही. सुट्टीचे दिवस वजा होतात असंही नाही. मुदत नेहमीसारखी चालू राहते, फक्त तिचं शेवटचं टोक सुट्टीत पडलं तर ते उघडण्याच्या दिवसापर्यंत सरकतं. आणि हे सगळं कोर्टाच्या टेबलावर ठेवायच्या कागदांपुरतं आहे.

तुमची नोटीस कोर्टात जात नाही. ती पोस्टाने काकांच्या घरी जाते. पोस्ट चालू आहे, काका घरी आहेत, मग मुदत कशाला थांबेल? चेक न वटण्याबद्दलच्या कायद्यातल्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधल्या, कलम 138 चं गणित तीन टप्प्यांचं आहे. बँकेकडून माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस. ती मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस. त्या 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. यातला फक्त शेवटचा टप्पा कोर्टातला. त्याला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून माफ तरी करून घेता येतो. नोटिशीच्या 30 दिवसांना तशी सोय नाही.

वकिलांची सही लागतेच असं नाही. ज्याच्या नावाचा चेक आहे त्याने स्वतः नोटीस दिली तरी चालते. साध्या कोऱ्या कागदावर, मराठीत लिहा. वर तुमचं नाव-पत्ता, तारीख. मग काकांचं पूर्ण नाव, अगदी चेकवर छापलंय तसं, आणि भाडेकराराच्या कागदावर आहे तोच पत्ता. पुढे साधारण असं:

'आपण माझे डिपॉझिट परत करण्यासाठी दिलेला चेक क्रमांक अमुक, दिनांक 20/09/2025, रक्कम रु. 80,000/-, अमुक बँक, अमुक शाखा, हा मी माझ्या खात्यात भरला असता फंड्स इनसफिशियंट या शेऱ्याने न वटता परत आला. तशी माहिती मला माझ्या बँकेकडून दिनांक अमुक रोजी मिळाली. तरी ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत सदर चेकची रक्कम रु. 80,000/- मला द्यावी. न दिल्यास आपल्याविरुद्ध निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 खाली कारवाई करणे मला भाग पडेल.'

एवढं पुरे. वर दुखावल्याचं, फसवल्याचं काही लिहू नका. तो कागद उद्या मॅजिस्ट्रेटसाहेब वाचणार आहेत असं समजून लिहा.

दोन प्रती काढा, दोन्हींवर सही करा. एक पाकिटात, एक तुमच्याकडे. स्पीड पोस्टने पाठवा आणि काउंटरवरून हलण्याआधी पावतीवरचं नाव आणि पिनकोड वाचून बघा. घाईच्या दिवसांत तिथला माणूस सकाळपासून पार्सलं उचलून थकलेला असतो, एखादा आकडा इकडचा तिकडे होतो आणि पाकीट भलत्याच पोस्टात जाऊन पडतं. ती पावती थर्मल कागदाची असते. कपाटात ठेवली तरी काही महिन्यांत अक्षरं उडून कागद कोरा होतो, त्यामुळे त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मूळ पावती तुमच्या प्रतीला जोडा. पाकीट पोचलं की ट्रॅकिंगच्या पानाचीही प्रिंट काढा. ते पान कायम दिसत नाही, आणि तक्रार चालायला लागते तेव्हा हाच कागद शोधत लोक आमच्याकडे यायचे.

आता सासूबाईंचं. त्यांचा मान ठेवून सांगतो. सणाच्या दिवशी कुणाच्या दारात वाईट कागद नको असं वाटणं चांगल्या घरातलंच आहे. पण तुम्ही फोन केला, विचारलं, थांबलात. नोटिशीत तुम्ही त्यांना 15 दिवसच देताय, अटक करवत नाही. आत्ता पाठवलीत तर ती बहुधा वसुबारसेच्या आसपास पोचेल. थांबलात तर नेमकी पाडव्याला नाही तर भाऊबीजेला जाऊन पडेल, किंवा पोचणारच नाही.

माजघर – 13 ऑक्टोबर 2025

मला कायद्यातलं कळत नाही, पण मी स्वतः घरमालकीण आहे म्हणून लिहिते. आमच्यासारख्या वयस्कर लोकांचं पेन्शन आणि भाडं यावर चालतं. कधीकधी डिपॉझिट दवाखान्यात खर्च होऊन जातं आणि सांगायची लाज वाटते. मुली, एकदा समक्ष जाऊन ये. फराळाचा डबा घेऊन जा, बस, विचार काय अडचण आहे. नोटीस आली की म्हाताऱ्या माणसाची झोप उडते गं.

वारजेकरीण – 13 ऑक्टोबर 2025

माजघर काकू, तुमचं पटतंय, आणि मी उद्या संध्याकाळी जाऊन येते. त्यांची खरंच अडचण असेल तर हप्त्याने घ्यायलाही मी तयार आहे. पण चेक त्यांनी स्वतः तारीख घालून दिला होता, आणि माझ्यासाठी भावाने त्याचे पैसे अडकवलेत. त्यामुळे जाऊन आले तरी नोटीस थांबवणार नाही.

कारकून काका, तुमचा मजकूर तसाच्या तसा उतरवून घेतला. मनापासून आभार.

सदाशिवातला_वकील – 14 ऑक्टोबर 2025

कारकूनसाहेबांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे. मी चेकचीच कामं जास्त करतो, म्हणून काही गोष्टी जोडतो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: चेक परत गेल्याचा एसएमएस किंवा ईमेल बँकेने तुम्हाला कधी पाठवला, ते फोनमध्ये शोधा. कायद्यातले शब्द 'बँकेकडून माहिती मिळाल्यापासून' असे आहेत. मेमो 26 ला हातात आला, पण एसएमएस आधी आला असेल तर समोरचे वकील मुदत तिथून मोजा म्हणतील. ज्या वादाची गरजच नाही तो उभा राहू देऊ नका, सगळ्यात आधीच्या तारखेपासून मोजा. ज्या दिवशी माहिती मिळाली तो दिवस धरायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून एक.

दुसरी गोष्ट, रक्कम. मागणी चेकच्या रकमेचीच करा, 80,000 म्हणजे 80,000. सप्टेंबर 2025 मध्येच सुप्रीम कोर्टाने पुन्हा ठणकावून सांगितलंय की नोटिशीतली मागणी चेकच्या रकमेशी जुळली पाहिजे, आणि टायपिंगची चूक झाली ही सबबसुद्धा चालणार नाही. व्याज, मनस्ताप, नोटिशीचा खर्च हे त्या मागणीच्या आकड्यात मिसळू नका. अक्षरी आणि अंकी दोन्ही लिहा आणि दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या.

काका बंगळूरला गेल्यावर पाकीट पोचलं आणि 'दार बंद' असा शेरा पडून परत आलं तरी घाबरू नका. पत्ता बरोबर असेल आणि पोस्टाने रीतसर पाठवलेलं असेल तर नोटीस मिळाली असंच कोर्ट धरून चालतं. सुप्रीम कोर्टाचा 2007 चा निकाल आहे. मिळाली नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मग त्यांची. परत आलेलं पाकीट मात्र फोडू नका. तसंच बंद कोर्टात दाखल करायचं.

तक्रार कुठे, हा प्रश्न पुढे येईलच. 2015 च्या दुरुस्तीनंतर तुम्ही ज्या शाखेतल्या खात्यात चेक भरला ती शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत, तिथे. म्हणजे काका बंगळूरला जाऊन राहिले तरी तुम्हाला पुण्याबाहेर जायचं कारण नाही.

कुणी असं सांगेल की मुदत चुकली तर चेक परत भरा. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, तेवढ्यात पुन्हा भरता येतो आणि पुन्हा परत आला तर नवी नोटीस देता येते, हे खरं आहे. तुमचा चेक डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जिवंत आहे. पण आज पहिलीच मुदत हातात असताना त्या भरवशावर बसू नका.

वारजेकरीण – 15 ऑक्टोबर 2025

वकीलसाहेब, एसएमएस सापडला, 24 सप्टेंबरचा! म्हणजे शेवटचा दिवस 24 ऑक्टोबर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही सांगितलं नसतं तर मी 26 धरून बसले असते.

काल काकांकडे जाऊन आले. काकूंनी चहा दिला, चिवडा दिला. काका म्हणाले शेअरमध्ये पैसे अडकलेत, जानेवारीत देतो. लिहून द्या म्हटलं तर विषय बदलला. आज दुपारी ऑफिसातून सुटी घेऊन नोटीस पोस्टात टाकली. रांग दारापर्यंत होती. पावतीवर पिनकोड बघितला, बरोबर होता. शेजारच्या दुकानात लगेच झेरॉक्सही काढली.

मातीचा_किल्ला – 15 ऑक्टोबर 2025

विषय थोडा वेगळा आहे, पण इथे मुलांच्या ताब्याच्या केसमधले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहितो.

आमचं प्रकरण इथल्या कुटुंब न्यायालयात चालू आहे. मुलगा आठ वर्षांचा, आईजवळ असतो. मूळ आदेशात मला दुसरा आणि चौथा शनिवार भेट आहे, दिवाळीबद्दल अक्षर नाही. आणि आदेशात नसलेली गोष्ट सणाच्या तोंडावर फोनवर ठरवायला गेलं की दोन्ही घरांतली वडीलधारी मंडळी मध्ये पडतात आणि मुलगा दारामागे उभा राहून ऐकतो.

म्हणून यंदा शाळेचं वेळापत्रक हातात आल्यावर मी ऑगस्टमध्येच वकिलांमार्फत सुट्टीतल्या भेटीचा अर्ज दिला. समोरून 'म्हणणे', म्हणजे अर्जावरचं लेखी उत्तर, यायला वेळ लागतो, एखादी तारीख वाया जाते, कधी न्यायाधीश रजेवर असतात. दसऱ्यानंतर अर्ज केला असता तर यातलं काहीच कोर्टाच्या सुट्टीआधी बसलं नसतं. सुट्टीतल्या न्यायाधीशांपुढे अर्ज करता येतो, पण तिथे तातडी काय ते पटवून द्यावं लागतं. दर वर्षी येणारी दिवाळी अचानक आली असं आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

शेवटी दोन्ही वकिलांनी बसून पुरसीस, म्हणजे काय ठरलं त्याचं लेखी निवेदन, कोर्टात दिली आणि त्यावर आदेश झाला. त्यात सगळं लिहून घेतलं: कुठल्या दिवशी सकाळी किती वाजता न्यायचं, कुठल्या दिवशी संध्याकाळी परत, सोसायटीच्या फाटकाशी कोण सोडणार, रात्री आईशी फोन कधी, औषधाची पिशवी बरोबर. लक्ष्मीपूजन आईकडे, पाडवा-भाऊबीज माझ्याकडे, पुढच्या वर्षी उलट. भाऊबीजेला माझी पुतणी त्याला ओवाळते, तो दिवस मला हवाच होता. त्याच्या आईलाही लक्ष्मीपूजन तितकंच हवं होतं, आणि ते समोरासमोर बोलल्यावरच मला समजलं.

आदेशाची नक्कल कोर्ट बंद व्हायच्या आधी काढून ठेवा. नक्कल विभागात त्या आठवड्यात गर्दी असते, आणि सुट्टीत काही वाद झाला तर पोलिसांना दाखवायला तोच कागद लागतो.

गेल्या वर्षी आमचा किल्ला राहिला होता. यंदा त्याच्यासाठी माती आणून ठेवली आहे, बुरुजांवर पेरायला हळीवही आणलेत. तो आला की चिखल कालवणार.

माजघर – 15 ऑक्टोबर 2025

किल्लेवाल्या दादा, डोळे भरून आले. मुलाला आशीर्वाद.

धायरी_फाटा – 22 ऑक्टोबर 2025

अर्जंट मदत हवी आहे. काल लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेदहानंतर फटाके वाजवण्यावरून सोसायटीत वाद झाला, हातघाईवर आला. माझ्या चुलतभावाला पोलीस घेऊन गेले, वय 22. सकाळपासून सांगताहेत कोर्ट बंद आहे. मग सुट्टी संपेपर्यंत पोरगं आतच राहणार का? काका-काकूंना काय सांगू?

जुना_कारकून – 22 ऑक्टोबर 2025

नाही राहणार. काकूंना आधी एवढं सांगा आणि त्यांना जेवायला बसवा.

अटक केली असेल तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. हे राज्यघटनेच्या कलम 22 मध्ये आहे, त्याला पाडवा-रविवार काही लागू नाही. फौजदारी कामासाठी सुट्टीच्या दिवशीही रिमांड कोर्ट बसतं, अगदी लक्ष्मीपूजनालाही. ठाण्यात जाऊन शांतपणे तीन गोष्टी विचारा: अटक दाखवली आहे की फक्त चौकशीसाठी बसवलंय, दाखवली असेल तर किती वाजता, आणि कलमं कोणती. कलमं जामीनपात्र असतील तर कोर्टाची वाटही बघायला नको, ठाण्यातूनच जामीन होतो. जामीनदार, त्याचं आधार कार्ड आणि राहत्या पत्त्याचा पुरावा बरोबर न्या. गुन्हा किरकोळ असेल तर अटक न करता हजर राहायची नोटीस देऊनही सोडतात. ती नोटीस जपून ठेवा आणि दिलेल्या तारखेला जा.

वकील मिळत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या नंबरवर फोन लावा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. आणि ठाण्याच्या आवारात समोरच्या पार्टीशी एक शब्द बोलू नका, त्यांनी चिडवलं तरी. रात्री 10 नंतर फटाक्यांना बंदी आहे, त्यामुळे फटाके कुणी वाजवत होतं, हा प्रश्न निघणारच.

धायरी_फाटा – 22 ऑक्टोबर 2025

काका, ठाण्यातूनच जामीन झाला. आत्ता घरी आणला. काकू देवापुढे बसल्यात. काय बोलू, आभारी आहे.

वारजेकरीण – 23 ऑक्टोबर 2025

माझी नोटीस 17 तारखेला पोचली, सही काकांची आहे. आणि काल पाडव्याला त्यांचा बंगळूरहून फोन आला. आवाज बदललेला होता. म्हणाले 30,000 आत्ता पाठवतो, उरलेले नंतर. घेऊ का? यजमानांना भीती वाटते की थोडे घेतले तर केस संपते.

सदाशिवातला_वकील – 23 ऑक्टोबर 2025

घ्या, जरूर घ्या. 15 दिवसांत पूर्ण रक्कम आली नाही तर थोडे पैसे आल्याने तुमची तक्रार संपत नाही. पैसे बँकेतूनच घ्या, रोख नको. जमा झाले की लगेच त्यांना लेखी कळवा की हे चेकच्या रकमेपोटी अंशतः मिळाले, बाकी 50,000 येणं आहे आणि नोटीस कायम आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा: 30,000 घेतल्यावर तो 80,000 चा चेक पुन्हा बँकेत भरू नका. 2022 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की मध्ये काही रक्कम फेडली गेली असेल आणि चेकवर तशी नोंद न करता तो पूर्ण रकमेसाठी भरला, तर त्यावर 138 उभं राहत नाही. त्यामुळे आता जो परत आलाय तोच तुमचा आधार. मूळ चेक आणि मेमो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, पंच करू नका.

तारखा: नोटीस 17 ला मिळाली, 15 दिवस 1 नोव्हेंबरला संपतात. त्यानंतर तक्रारीला एक महिना, पण तुम्ही नोव्हेंबरातच दाखल करा. डिसेंबर उजाडू देऊ नका.

वारजेकरीण – 24 ऑक्टोबर 2025

30,000 जमा झाले. काकांना असा मेसेज पाठवला: 'आपण पाठवलेले रु. 30,000/- चेकच्या रकमेपोटी अंशतः मिळाले. उर्वरित रु. 50,000/- आपण दिनांक 1 नोव्हेंबर 2025 पर्यंत द्यावेत. दिनांक 15 ऑक्टोबरची माझी नोटीस कायम आहे.' दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मेसेजचा फोटो काढून फाइलमध्ये लावला.

आलेले पैसे तसेच भावाला पाठवून दिले. 3 तारखेला वकील चिपळूणहून येतील तेव्हा करार, ताबा पावती, चेक, मेमो, 24 सप्टेंबरचा एसएमएस, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट असं सगळं तयार आहे. आणखी काही लागणार असेल तर सांगा.

जुना_कारकून – 24 ऑक्टोबर 2025

ज्या खात्यात चेक भरला त्याचं सप्टेंबरचं स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यासह घ्या, त्यात चेक जमा-परतीची नोंद दिसते. पोस्टाच्या पावतीची झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवा. आणि 1 तारखेला रात्रीपर्यंत खातं बघत राहा, पैसे आले तर वकिलांना दुसऱ्या दिवशीच कळवा.